तार एक, बँड अनेक

हॅम रेडिओचा परवाना हाती आला, सेट टेबलावर बसला, की पहिला खरा प्रश्न उभा राहतो तो अँटेनाचा. दिवसा देशातल्या देशात बोलायला 40 मीटरचा बँड हवा. युरोप, जपान गाठायला 20 मीटर हवा. सूर्यावर डागांची गर्दी झाली की 15 आणि 10 मीटरवर जग खुलं होतं, तेही सोडवत नाही. प्रत्येक बँडसाठी वेगळी अँटेना ताणायची म्हटली तर गच्ची पुरत नाही, आणि सोसायटीकडून एका तारेची परवानगी मिळाली तरी खूप झालं. म्हणजे तार एकच असणार आणि तिच्यावर चार-पाच बँड चालवायचे. हे जमतं, गेली शंभर वर्षं जमत आलं आहे. अडतं ते बहुतेक वेळा तारेपाशी अडत नाही. तारेपर्यंत शक्ती पोचवणाऱ्या फीडरपाशी अडतं.

आधी तारेचं गणित पाहू. मधोमध कापून तिथून शक्ती दिलेली, तरंगलांबीच्या निम्म्या लांबीची तार म्हणजे डायपोल. तिची मीटरमधली लांबी काढायची तर 143 ला मेगाहर्ट्झच्या आकड्याने भागायचं. 7.1 मेगाहर्ट्झसाठी उत्तर येतं साधारण 20.1 मीटर, म्हणजे दोन्ही बाजूंना दहा-दहा मीटर. या लांबीला मध्यबिंदूवर विद्युतप्रवाह सर्वात जास्त आणि व्होल्टेज सर्वात कमी असतं, त्यामुळे तिथलं इंपिडन्स कमी असतं: मोकळ्या अवकाशात 73 ओहम, गच्चीच्या उंचीवर त्याहून थोडं इकडेतिकडे. 50 ओहमची कोॲक्स केबल इथे सरळ जोडता येते.

आता सेट 14 मेगाहर्ट्झवर न्या. तार तीच आहे, पण आता ती पूर्ण एका तरंगलांबीची झाली. मध्यबिंदूवर प्रवाहाऐवजी व्होल्टेजचं शिखर आलं आणि तिथलं इंपिडन्स 70 वरून उडी मारून 4000 ओहमच्या घरात गेलं. 21 मेगाहर्ट्झवर तीच तार दीड तरंगलांबीची होते आणि आकडा पुन्हा शंभरच्या आसपास उतरतो. 40 मीटरचा साधा डायपोल 15 मीटरवर फुकटात चालतो तो यामुळे. 28 वर इंपिडन्स पुन्हा हजारांत. थोडक्यात, विषम पटीच्या बँडवर तार सौम्य, सम पटीच्या बँडवर कडक.

तार मात्र कुठल्याच बँडवर शक्ती फेकायला नकार देत नाही, आणि सुरुवातीला हीच गोष्ट लक्षात येत नाही. 20 मीटरवर ती पूर्ण तरंगलांबीची झाली म्हणून वाईट अँटेना झाली असं नाही. उलट तारेला काटकोनात ती अर्ध्या तरंगलांबीपेक्षा थोडी जास्तच शक्ती पाठवते. शक्ती तिच्यापर्यंत पोचली की काम झालं. ती पोचते का, हेच पाहायचं.

100 वॅटचा सेट, आरजी-213 जातीची चांगली जाड कोॲक्स 30 मीटर, आणि टोकाला तो 4000 ओहमचा मध्यबिंदू. 14 मेगाहर्ट्झवर एवढ्या केबलचा स्वतःचा ऱ्हास जेमतेम पाऊण डेसिबल. टोकाला 50 ओहम असते तर 100 पैकी 84 वॅट वर पोचले असते. पण 4000 भागिले 50 म्हणजे एसडब्ल्यूआर, म्हणजे विसंगतीचं माप, 80. इतक्या विसंगतीत ऱ्हास पाऊण डेसिबलवरून सुमारे 9 डेसिबलवर जातो आणि तारेला मिळतात 12-13 वॅट. बाकी सगळं केबलच्या तांब्यात आणि प्लास्टिकमध्ये उष्णता होऊन संपतं. पातळ आरजी-58 घेतली तर सहा-सात वॅट. शिवाय खाली सेटजवळच्या मीटरवर 80 दिसत नाही, 10 दिसतो. केबल स्वतःच शक्ती खात असल्यामुळे विसंगत टोकावरून परत येणारी लाट अशक्त होऊन येते आणि मीटरला परिस्थिती आहे त्यापेक्षा बरी वाटते. केबल जितकी वाईट, तितका मीटर समाधानी.

तिथे कोॲक्सऐवजी 450 ओहमची लॅडर लाइन लावा. म्हणजे दोन समांतर तारा, मध्ये ठरावीक अंतरावर पट्ट्या, शिडीसारख्या. टोकाचे 4000 तसेच. एसडब्ल्यूआर आता सुमारे 9. मीटरवर नऊ दिसला की पुष्कळांच्या पोटात गोळा येतो. पण या लाइनचा मूळ ऱ्हास 30 मीटरला दशांश डेसिबलच्या आसपास, त्यामुळे नऊच्या एसडब्ल्यूआरलाही एकूण ऱ्हास अर्ध्या डेसिबलखालीच राहतो. तारेला 90 वॅट मिळतात. एकीकडे 12, दुसरीकडे 90. अनेक बँडच्या तारेबद्दल मला जे सांगायचं आहे ते या दोन आकड्यांत आलं: एसडब्ल्यूआर किती, यापेक्षा तो कुठल्या फीडरवर आहे हे महत्त्वाचं.

इथे एक जुना गैरसमज आडवा येतो. परत आलेली शक्ती सेटमध्ये शिरते, वाया जाते, सेट जाळते, असं अनेकजण मानतात. दोरीचं एक टोक भिंतीला बांधून दुसरं हातात धरून हलवलं तर लाट भिंतीवरून परत येते, हातापाशी पोचते आणि हात घट्ट असेल तर पुन्हा भिंतीकडे वळते. फीडरवरही हेच घडतं. वरून परतलेली लाट खाली सेटजवळच्या ट्यूनरपाशी, म्हणजे सेट आणि फीडर यांचं इंपिडन्स जुळवणाऱ्या डब्यापाशी येते, ट्यूनर नीट जुळवलेला असेल तर तिथून पुन्हा वर जाते, थोडी तारेतून बाहेर पडते, उरलेली परत येते. काही फेऱ्यांत सगळी शक्ती बाहेर पडते. प्रत्येक फेरीत फीडर किती खातो, एवढाच खर्च. कमी खाणारा फीडर असेल तर फेऱ्या कितीही होवोत.

वॉल्टर मॅक्सवेल हे अमेरिकन अभियंते, हॅम म्हणून त्यांचा संकेत डब्ल्यू-2-डीयू. आरसीए कंपनीत ते उपग्रहांच्या अँटेनांवर काम करत. 1973 पासून त्यांनी 'क्यूएसटी' मासिकात हा गैरसमज खोडून काढणारी लेखमाला लिहिली आणि पुढे 'रिफ्लेक्शन्स' हे पुस्तक. तरीही भीती गेली नाही, आणि तिला कारण आहे. व्हॉल्व्हच्या जमान्यात सेटच्या शेवटच्या टप्प्यातच दोन कंडेन्सर आणि एक कॉइल असायची. ती फिरवून सेट बऱ्याच तऱ्हेतऱ्हेच्या भारांशी जुळवून घेत असे. ट्रान्झिस्टरचे सेट आले तसा हा लवचिकपणा गेला. त्यांना 50 ओहमच हवेत. एसडब्ल्यूआर दोनच्या पुढे सरकला की स्वतःला वाचवण्यासाठी ते शक्ती कमी करतात. सेटची ही गरज खरी आहे. पण ती सेटच्या टोकाशी भागवायची असते. केबलच्या दुसऱ्या टोकाला वर काय चाललं आहे, याच्याशी तिचा संबंध जोडायचं कारण नाही. दोनचा एसडब्ल्यूआर कोॲक्सवर असला तर मघाच्या 84 वॅटचे 81 होतात. ऐकणाऱ्याच्या एस-मीटरचा काटा हलायला त्याच्या कितीतरी पट फरक लागतो: एक एस-युनिट म्हणजे 6 डेसिबल, म्हणजे शक्ती चौपट किंवा पाव. एसडब्ल्यूआर एक-पूर्णांक-पाच वरून एक-पूर्णांक-एक वर आणण्यासाठी गच्चीवर उन्हात तार कापत बसण्याने काही साधत नाही.

या सगळ्याचं एक प्रसिद्ध उदाहरण आहे. इंग्लंडमधले लुई व्हार्नी, संकेत जी-5-आरव्ही. त्यांनी 1946 मध्ये एक अँटेना बेतली, ती आज त्यांच्या संकेतानेच जगभर ओळखली जाते. वरची तार 102 फूट, म्हणजे 31.1 मीटर. मध्यातून खाली 34 फुटांचा उघडा दुतारी फीडर, आणि त्याच्या खाली 75 ओहमच्या आसपासची केबल सेटपर्यंत. 102 फूट हा आकडा 14 मेगाहर्ट्झसाठी निवडलेला आहे: तिथे ही तार बरोबर दीड तरंगलांबीची होते. मध्यबिंदूवर शंभरच्या आसपास ओहम मिळतात. 34 फुटांचा फीडर त्याच बँडवर अर्ध्या तरंगलांबीचा आहे, आणि अर्ध्या तरंगलांबीच्या फीडरचा गुण असा की वरच्या टोकाला जे इंपिडन्स असेल ते तो जसंच्या तसं खाली आणून ठेवतो. 20 मीटरवर त्यामुळे सगळं आपोआप जुळतं. दीड तरंगलांबीच्या तारेतून शक्ती चार मोठ्या आणि दोन छोट्या पाकळ्यांत बाहेर पडते, म्हणजे एकाच दिशेला न जाता बरीच पसरते. लांबचे देश शोधणाऱ्याला तेही सोयीचं.

बाकीच्या बँडवर मात्र हा योग जुळत नाही, आणि जी-5-आरव्हीबद्दलचे निम्मे गैरसमज इथून सुरू होतात. ती 'सर्व बँडची, ट्यूनर नको' अशी अँटेना कधीच नव्हती. 21 मेगाहर्ट्झचा बँड 1947 च्या अटलांटिक सिटी परिषदेत हॅम मंडळींना मिळाला, 10, 18 आणि 24 मेगाहर्ट्झचे बँड 1979 च्या परिषदेनंतर. 1946 सालच्या अँटेनेकडून त्यांची अपेक्षा करणं तिच्यावर अन्यायच आहे. व्हार्नी यांनी स्वतः नंतर लिहिलं की सर्वात कार्यक्षम मार्ग म्हणजे उघडा फीडर थेट ट्यूनरपर्यंत आणणं. ते वाक्य वाचायचं सोडून लोक 34 फुटांखाली लांबलचक कोॲक्स जोडतात आणि वर सांगितलेला तोटा पदरात घेतात.

1980 च्या दशकात दक्षिण आफ्रिकेतल्या विटवॉटर्सरँड विद्यापीठातले ब्रायन ऑस्टिन यांनी तोच प्रश्न संगणकाला घातला: वरच्या तारेची आणि जुळणीच्या फीडरची कुठली लांबी घेतली तर जास्तीत जास्त बँडवर खाली 50 ओहमच्या जवळपास आकडा मिळेल? उत्तर आलं: वर 28.4 मीटर, आणि खाली 400 ओहमच्या आसपासचा 13.6 मीटर विद्युत लांबीचा फीडर. त्यांच्या संकेतावरून ही झेड-एस-6-बीकेडब्ल्यू. 40, 20, 17, 12 आणि 10 मीटरवर ती ट्यूनरशिवाय किंवा सेटमधल्या छोट्या ट्यूनरवर चालते. 15 मीटर तिलाही साधत नाही. जागा तीसेक मीटर मिळत असेल आणि खाली कोॲक्स वापरायचीच असेल, तर जी-5-आरव्हीऐवजी हीच लावावी असं माझं स्पष्ट मत आहे.

'विद्युत लांबी' म्हणताना एक हिशेब विसरता येत नाही. फीडरमध्ये लाट प्रकाशापेक्षा सावकाश जाते, त्यामुळे मोजपट्टीवरची लांबी त्या प्रमाणात कमी घ्यायची. उघड्या तारांच्या फीडरला ते प्रमाण 0.97 च्या आसपास, प्लास्टिकमध्ये खिडक्या पाडलेल्या तयार 450 ओहमच्या लाइनला 0.91, आणि दूरदर्शनच्या जमान्यात गच्चीवरच्या अँटेनापासून खाली टीव्हीपर्यंत यायची त्या 300 ओहमच्या चपट्या तारेला 0.82. म्हणून 34 फुटांचा फीडर चपट्या तारेत 28 फुटांवरच भरतो.

फीडर स्वतःच ट्रान्सफॉर्मर कसा होतो, हे पाव तरंगलांबीवर फार सुंदर दिसतं. पाव तरंगलांबीच्या तुकड्याचा नियम: स्वतःच्या इंपिडन्सचा वर्ग भागिले टोकाचं इंपिडन्स. 450 चा वर्ग 2,02,500. त्याला 4000 ने भागा. 50 आणि वर थोडंसं. आपल्या 20.1 मीटरच्या डायपोलला 14.1 मेगाहर्ट्झवर पाव तरंगाचा, म्हणजे 0.91 च्या हिशेबाने 4.84 मीटरचा 450 ओहमचा तुकडा लावला, की त्याच्या खालच्या टोकाला थेट कोॲक्स जोडता येईल. एक कॉइल नाही, एक कंडेन्सर नाही. पण तोच तुकडा 7 मेगाहर्ट्झवर एक-अष्टमांश तरंगाचा होतो आणि तिथले सरळ 70 ओहम बिघडवून 137 ओहम अधिक 429 ओहमची प्रेरकता असं काहीतरी करून ठेवतो. एका बँडला बरं केलं की दुसरा रुसतो. ठरावीक लांबीच्या फीडरने चार-पाच बँड एकदम जुळवणं अवघड का, आणि ऑस्टिन यांना संगणक का लागला, हे यावरून कळेल.

म्हणून माझी पसंती साध्या डबलेटला. वर मिळेल तेवढी तार, मधोमध कापलेली, तिथून लॅडर लाइन थेट खोलीपर्यंत, तिथे ट्यूनर. वरची लांबी अचूक असायची गरजच नाही. सर्वात खालच्या बँडला अर्ध्या तरंगलांबीच्या आसपास असली की पुरे, थोडी कमी असली तरी चालते. इमारतीवर एकच उंच खांब शक्य असेल तर दोन्ही बाजू उतरत्या सोडून उलट्या व्ही आकारात लावावी. जुळणीचं सगळं काम खाली, हाताशी, बसल्या जागी.

तयार लॅडर लाइन आपल्याकडच्या बाजारात सहज मिळत नाही, पण ती घरी करणं मुळीच अवघड नाही. दोन तारांमधलं अंतर दुप्पट करा, तारेच्या जाडीने भागा, त्याचा लॉगरिदम घ्या आणि 276 ने गुणा: मिळतं ते ओहममध्ये इंपिडन्स. 16 गेजच्या, म्हणजे 1.6 मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारा 35 मिलिमीटर अंतरावर ठेवल्या तर 450 ओहम होतात, 12 सेंटिमीटरवर ठेवल्या तर 600. नेमकं 450 च हवं असा हट्ट नको. ट्यूनर खाली असताना 400 काय आणि 600 काय. पट्ट्यांना ॲक्रिलिक किंवा इलेक्ट्रिशियनच्या पीव्हीसी पाइपचे तुकडे चालतात; अर्ध्या-अर्ध्या मीटरवर एक पुरते. लाइन भिंतीला घासून, लोखंडी कठड्याला टेकून किंवा पाण्याच्या पाइपसोबत आणायचं नाही. धातूपासून तारांमधल्या अंतराच्या तीन-चारपट तरी दूर हवी. जिथे ती वरच्या तारेला मिळते तिथे वाऱ्याने रोज हजार वेळा वाकते. डागावर ताण येऊ देऊ नका, मध्याच्या इन्सुलेटरलाच लाइन बांधून घ्या. कोकण किनाऱ्यावर तर उघडा सांधा एका पावसाळ्यात हिरवा पडतो. डाग दिल्यावर रबरी टेपने तो पूर्ण बंद करावा.

आता खालचं टोक. सेटमधले बहुतेक अंगचे ट्यूनर तीनपर्यंतचा एसडब्ल्यूआर सांभाळतात, डबलेटसाठी ते अपुरे. वेगळा ट्यूनर हवा, आणि त्याची कॉइल जाड, कंडेन्सरच्या पात्यांमध्ये मोकळी जागा. कारण 4000 ओहमवर 100 वॅट म्हणजे सुमारे 630 व्होल्ट, शिखर 900 च्या जवळ. 400 वॅटला ते दुप्पट होतं. पात्यांमध्ये ठिणगी उडाली तर अँटेनात दोष आहे असं नव्हे; त्या बँडवर फीडरच्या खालच्या टोकाला व्होल्टेजचं शिखर आलं आहे, एवढंच.

ट्यूनरचं बाहेरचं टोक एकतारी, लॅडर लाइन दुतारी आणि समतोल. मध्ये बालुन लागतो. इथे बरेचजण 4:1 चा बालुन लावतात, कारण 450 ला 4 ने भागलं की 112 येतात आणि ते बरं दिसतं. पण लाइनच्या खालच्या टोकाला 450 कधीच नसतात; कुठल्या बँडवर 30 ओहम, कुठल्यावर 3000. जिथे 30 आहेत तिथे 4:1 त्यांचे सात-आठ करतो आणि ट्यूनरमधला ऱ्हास वाढवतो. त्यापेक्षा 1:1 चा करंट बालुन घ्यावा: मोठ्या फेराइट कड्यावर दहा-बारा वेढे. त्याचं काम इंपिडन्स बदलणं नाही, दोन्ही तारांत सारखा आणि उलटा प्रवाह वाहील हे पाहणं आहे. हा समतोल गेला की फीडर स्वतःच अँटेना बनतो, खोलीभर रेडिओलहरी फिरतात, माइकला ओठ लागले की चटका बसतो आणि शेजारच्या फ्लॅटमधले स्पीकर आपला आवाज ऐकवू लागतात. ऐकताना तोच फीडर इमारतीतल्या चार्जर आणि एलईडी दिव्यांचा गोंगाट गोळा करतो. शहरात हा दुसरा त्रास पहिल्यापेक्षा मोठा आहे.

लॅडर लाइन आणणं खरोखरच अशक्य असेल तर दुसरे रस्ते आहेत. एकाच मध्यातून 40 आणि 20 मीटरचे दोन डायपोल पंख्यासारखे सोडले तर कोॲक्सवर तीन बँड मिळतात. 15 मीटर 40 च्या तारेवर आपोआप येतो. तारेला मध्याऐवजी एक-तृतीयांशावर कापून 4:1 बालुन लावला तर 40, 20 आणि 10 चालतात, कारण तिथलं इंपिडन्स या तिन्ही बँडवर 200 च्या जवळपास राहतं. फ्लॅटवाल्यांत सध्या वीस मीटरची तार टोकाला 49:1 ट्रान्सफॉर्मर लावून चालवण्याची पद्धत आहे. खिडकीतून झाडापर्यंत तार गेली की झालं. ट्रान्सफॉर्मरचं कडं चांगलं आणि कोॲक्सवर चोक असेल तर ती समाधानकारक चालते. या तिन्हींत बँड आधीच ठरलेले असतात, ही त्यांची मर्यादा.

कुठलीही लावा, विजेच्या तारांपासून ती पडली तरी पोचणार नाही एवढी लांब असू द्या, आणि वळवाचे ढग दिसू लागले की फीडर खोलीबाहेर सोडवून जमिनीला जोडा.

डबलेट पहिल्यांदा चालू केल्यावर चार बँड छान जुळतात आणि एखादा हटून बसतो, हा जवळजवळ सार्वत्रिक अनुभव आहे. ट्यूनर टोकाला फिरवूनही काटा उतरत नाही, कॉइल गरम होते. अशा वेळी गच्चीवर जाऊन वरची तार कापायची नसते. खिडकीपाशी लॅडर लाइनमध्ये दोन मीटरचा तुकडा वाढवा. त्या बँडवरचं व्होल्टेजचं शिखर ट्यूनरपासून सरकतं, आकडा हाताळण्याजोगा होतो. दुसरा एखादा बँड त्यामुळे बिघडला तर दोन मीटरऐवजी एक करून पाहा. काहीजण हा तुकडा दोन प्लगांवर कायमचा ठेवतात आणि बँडनुसार लावतात किंवा काढतात. पाचही बँड त्या एका तुकड्यावर निभतात.